तात्यांचा घास संपेपर्यंत

नागोराव तात्यांना काही विचारायचं असेल तर घास तोंडात जायच्या आत विचारावं लागे. घास एकदा आत गेला की उत्तर बत्तीस वेळा चावून झाल्यावरच. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा. चार बोटांची पेरं बारा. दोन फेऱ्या, वर आठ. तोवर विचारणारा स्वतःचाच प्रश्न विसरून गेलेला असायचा.

एकदा ग्रामसभेत तात्या फुटाणे खात बसले होते. सरपंचांनी विचारलं, "पाण्याचा हौद पाहिजे त्यांनी हात वर करा." तात्यांचा हात वर आला, पण तोवर सभा पुढच्या प्रश्नावर गेली होती. गावात देशी दारूचं दुकान यावं असं म्हणणारा सबंध गावात तो एकच हात. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस, पण पुढं वर्षभर पोरं त्यांना "तात्या, दुकान कधी उघडायलाव?" म्हणून छळत होती.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं. मी तिथल्या शाळेत गुरुजी. तात्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चार एकर रान, दोन बैल आणि बत्तीसचा आकडा, एवढाच त्यांचा संसार. हे ज्ञान त्यांना बैलांकडूनच मिळालं होतं.

"गुरुजी, बैलाला करपट ढेकर आलेली कधी ऐकली का?"

"नाही बुवा."

"का न्हाई? रवंथ करतो म्हणून. माणूस लय शाना. सगळं गिळतो अन् मग सोडा हुडकत फिरतो. पोटात दात हायेत का?"

'पोटात दात हायेत का' हा त्यांचा सगळ्या रोगांवरचा उपाय. कुणाचं डोकं दुखो, गुडघा दुखो, तात्या हेच विचारणार. ताकसुद्धा ते चावून प्यायचे. आमची आई म्हणायची, "भाऊजी, ताकात काय चावायलाव?" तर म्हणायचे, "त्याला बी दात दाखवावेत वयनी, मग ते पोटात गुमान बसतं."

हे सगळं घरापुरतं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तात्या पंगतीत बसले की शेवटचा माणूस कोण हे आधीच ठरलेलं. एका तेराव्याला अख्खी पंगत खरकटे हात धरून बसलेली. हातावरचं वरण वाळून बोटं ताठ झाली. पाटलांना तर बसल्या जागी डुलकी लागली. "गिळा की हो तात्या आता!" कुणीतरी ओरडलं. तात्यांनी अंगठा दाखवला. तो अजून मधल्या बोटावर होता. त्यांचे डोळे मात्र पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, लय खुशीत.

आता जे सांगतोय ते मी घरातही कधी बोललो नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नामांतर आंदोलनाच्या त्या दिवसांत एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. दुपारची गाडी वऱ्हाडाला गाठायचीच होती. तात्या पहाटेपासून राबत होते. मांडवाच्या मेढी त्यांनी रोवल्या, हौदावरून पाणी त्यांनीच ओढलं. आणि पंगतीच्या वेळी अंगावर नवा सदरा घालून, हातपाय धुऊन आले. मामानं मला कोपऱ्यात घेतलं. "ह्याला पयल्या पंगतीला बसवला तर वऱ्हाड उद्या निघंल. शेवटच्या पंगतीला बसवला तर मागं थांबलेल्या बायका उपाशी मरतील. तूच बघ."

मी बघितलं. तात्यांजवळ जाऊन म्हणालो, "तात्या, इथं गर्दीत तुमचे बत्तीस व्हायचे नाहीत. ताट घरी आणतो. निवांत जेवा."

तात्यांनी पंगतीकडं पाहिलं. बुंदी वाढायला सुरुवात झाली होती.

"बरं," ते म्हणाले. "निवांत जेवतो."

ताट मीच नेऊन दिलं. परत येतो तर आई चिडलेली. "एवढा राबलाय माणूस, अन् इतकीच बुंदी?" तिनं वाटी भरून दिली. मी उलट्या पावली गेलो. तात्यांच्या ओट्यावर ताट घासून पालथं घातलेलं होतं. तात्या सदरा काढून घडी घालत होते.

"तात्या, जेवलात? एवढ्यात?"

"जेवलो की."

"आणि बत्तीस?"

"एकट्यानं कशाला मोजायचं, गुरुजी?" म्हणाले आणि घडीवरून हात फिरवत राहिले.

मांडवातून "गुरुजी, भात!" अशी हाक आली. वाटी तिथंच ठेवून मी पळालो.

वऱ्हाडाला एसटी मिळाली. पण पुढच्या लग्नात तात्या स्वतःच म्हणाले, "मला ताट पाठवा." मग गावाला सवयच लागली. पंगती झटपट उठू लागल्या. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, हेच तर सांगायचंय.

परवा पोटाच्या जळजळीनं जिंतूरच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, गिळू नका. सावकाश चावून खा." मला हसूच फुटलं. डॉक्टरला वाटलं गुदगुल्या झाल्या.

त्याच संध्याकाळी भाकरी फडक्यात बांधून तात्यांच्या घरी गेलो. "डॉक्टरनं चावून खायला सांगितलंय. मला मोजता येत नाही. शिकवा."

तात्यांनी डॉक्टरचा मुद्दा बैलाच्या गळ्यात बांधून पुरा पाऊण तास समजावला. मग दुसरं गोणपाट झटकून समोर टाकलं. पाणी भरलं. बसलो. त्यांनी घास घेतला, अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. उत्तर लगेच येणार नाही, याच धीरावर मी बोललो.

"तात्या, लग्नात गर्दीचं मी खोटं सांगितलं. तुमच्यामुळं खोळंबा होईल म्हणून तुम्हाला पंगतीला बसू दिलं नाही."

अंगठा थांबला. मग चालू लागला. मीही घास तोंडात टाकला. एक फेरी झाली. दुसरी झाली. शाळेत इतकी वर्षं पाढे म्हणून घेतले, पण बत्तीस हा आकडा एवढा लांब असेल असं कधी वाटलं नव्हतं. वर आठ झाले. तात्यांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, तोही चावला.

"तुमचे किती झाले?"

"अकरा," मी म्हणालो.

"अन् घास तोंडात धरून बोलायलाव? गेले की ते अकरा." त्यांनी माझा डावा हात ओढून अंगठा करंगळीवर नेऊन टेकवला. "धरा. पुन्हा एकापासून. मला कुठं गाडी गाठायचीय?"