लाइन तीनवरचे हत्तरगी

आमच्या कंपनीच्या लाइन तीनवर गडहिंग्लजचे मल्लिकार्जुन हत्तरगी सत्त्याण्णव सालच्या जूनपासून होल्डवर होते. यात कुणाला नवल वाटत असेल तर वाटो बापडं. सांगलीच्या मगदूम वजनकाटे या कंपनीत मी, रत्नमाला बिरनाळे, अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर आहे. त्यातली सत्तावीस वर्षं लाइन तीनचा लाल दिवा पेटलेलाच होता.

झालं ते असं. हत्तरगींचं गडहिंग्लजच्या बाजारात गुळाचं आणि भुसाराचं दुकान. त्यांचा शंभर किलोचा काटा आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. तो तयार झाला का, एवढंच विचारायला त्यांनी फोन केला. मी तो विक्री खात्याच्या भूपालअण्णा चौगुल्यांना जोडून दिला. अण्णा म्हणाले, "धरा जरा, गोदामात बघून सांगतो," आणि गेले ते गेलेच. गोदामाच्या मागच्या दारानं जे बाहेर पडले, ते थेट बेळगावच्या दुसऱ्या कंपनीत नोकरीला लागले. फोन परत माझ्याकडे आला. मी म्हटलं, "चौगुलेसाहेब जागेवर नाहीत. लाइनवर राहता का?"

"ऱ्हातो की," हत्तरगी म्हणाले.

आता फोन संपवायचा कुणी? थोरल्या मगदूमसाहेबांनी कंपनी काढली तेव्हाच एक नियम लिहून भिंतीला लावला होता: ग्राहकाचा फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि हत्तरगी पडले रीतीचे माणूस. समोरच्यानं 'ठेवा' म्हटल्याशिवाय ठेवायचं नाही, ही त्यांच्या घरची शिकवण. आपल्याकडे सगळ्यांचंच असं असतं म्हणा. 'ठेवू का?' 'ठेवा.' 'बरं, ठेवतो हं.' एवढं झाल्याशिवाय बोलणं संपलं असं कुणी धरत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रीतसर विचारलं, "मग बाई, ठेवू का?" पण उत्तर दिलेलं नसताना ग्राहकाला 'ठेवा' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "उद्या साडेनऊला येते. तोवर धरा."

ते म्हणाले, "बरं."

होल्डवरच्या ग्राहकाची दर पंधरा मिनिटांनी विचारपूस करायची, हा ऑपरेटरचा नियम. एरवी त्यांना माझ्या टेलिफोनच्या बोर्डातली होल्डची धून ऐकू जायची. अवांतर बोलायचं नाही, हाही नियमच. म्हणून मी एका वेळी एकच वाक्य बोलायची आणि तेही एकच वाक्य बोलायचे. पण दर पाव तासाला एक वाक्य, असं सत्तावीस वर्षं चाललं तर माणूस चांगलं कळतं. "जेवलासा का, बाई?" "जेवले. तुम्ही?" पुढचं उत्तर पाव तासानं. "भाकरी आन् झुणका." त्यांना कांदा सोसत नाही, आमुशाला ते दुकान अर्धं उघडतात, गिऱ्हाइकाला माप देताना शेवटची मूठ ते जास्तीची टाकतात, हे मला ठाऊक होतं. माझा दमा त्यांना माझ्या आधी कळला होता.

त्यांची आई वारली तेव्हा त्यांनी रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला आणि सांगून गेले, "बाई, जाऊन येतो." तीन तास मी त्यांचं रिकामं दुकान ऐकत बसले. आत कुठंतरी एक पत्रा वाजत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांना संकेश्वरला मुलगी बघायला जायचं होतं, तेही राहिलं. होल्डवर असताना कसं जायचं? दुसऱ्यांदा राहिलं, तिसऱ्यांदा राहिलं, मग कुणी विचारेना. माझ्याकडेही स्थळं यायची. मी सांगायची, लाइन तीनवर माणूस थांबलाय, मला सुट्टी मिळणार नाही. आई करवादायची, "त्या लाइन तीनवाल्याला घाल चुलीत!" मी रविवारीसुद्धा किल्ली मागून घेऊन ऑफिसात यायची. रविवारी कारखाना बंद असतो, त्यामुळं त्यांचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू यायचा.

तर यंदा धाकट्या साहेबांनी ठरवलं, जुने फोन काढायचे आणि सगळे फोन इंटरनेटवर घ्यायचे. धाकटे साहेब म्हणजे शीतल मगदूम, थोरल्या साहेबांचे नातू. लहानपणी माझ्या मांडीवर बसून हा पोरगा हत्तरगींना पाढे म्हणून दाखवायचा. बावीसचा पाढा त्याला हत्तरगींनीच शिकवला.

पुण्याहून पाध्ये नावाचे इंजिनिअर आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी एक फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता, 'बदलाच्या वेळी चालू असलेले कॉल'. मी लिहिलं, एक. पुढचा रकाना, 'कालावधी, मिनिटांत'. मी लिहिलं, एक कोटी एकेचाळीस लाख, अंदाजे. पाध्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मॅडम, इथं चारच चौकोन आहेत."

"मग शेजारी कागद जोडा."

त्यांनी कागद जोडला. माणूस कामाला चोख होता, खोटं का बोला. पण मग म्हणाले, "होल्डवरचा कॉल नव्या सिस्टिममध्ये येत नाही. जुन्या तारेतला कॉल जुन्या तारेतच संपतो. तीस तारखेला पाच वाजता लाइनी कापणार."

"कापल्या म्हणजे फोन आपण आधी ठेवला असं होईल," शीतल म्हणाला.

"तसं होईल, हो."

"मग नाही जमायचं. आजोबांचा नियम आहे."

पाध्यांनी विचार केला. "असं करू. ते कट होतील. लगेच आपण फोन लावू आणि पुन्हा होल्डवर घेऊ. काय फरक पडतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाध्येसाहेब, लग्न झालंय तुमचं?"

"झालंय की."

"मग आज मोडा आणि उद्या त्याच बाईंशी पुन्हा लावा. काय फरक पडतो?"

पाध्यांनी तोही मुद्दा कागदावर टिपून घेतला.

मग शीतलनं मला विचारलं, "मावशी, त्यांना विचारायचं तरी काय होतं?" सत्तावीस वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"काटा तयार झाला का."

"झाला होता का?"

आता खरं सांगते. पहिल्याच महिन्यात मी जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले होते. डाव्या हाताच्या फळीवर हत्तरगींचा काटा होता. दांडी पुसलेली, दोन्ही पारडी एकात एक घातलेली, आणि चिठ्ठी बांधलेली: हत्तरगी, गडहिंग्लज, तयार. मी ती वाचली, परत बोर्डावर येऊन बसले आणि म्हटलं, "लाइनवर राहा." ऑपरेटरनं फक्त फोन जोडायचा असतो, उत्तर विक्री खात्यानं द्यायचं असतं, असं मी मनाला बजावलं. पण ते निमित्त होतं. मला सांगायचंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, ठेवू का? आणि मला 'ठेवा' म्हणावं लागलं असतं. एका माणसाला मी त्याच्या मालकीच्या काट्यापासून सत्तावीस वर्षं लांब ठेवलं, शेजाऱ्याचा काटा मागून आणायला लावलं. या पापाला मी रोज साडेनऊला हजर राहायची.

"झाला होता," मी शीतलला म्हटलं.

तो भिंतीवरच्या नियमाकडे बघत म्हणाला, "मग उत्तर द्यायला पाहिजे, मावशी. ग्राहकानं आपल्या हातानं फोन ठेवला पाहिजे."

पाध्ये म्हणाले, "एक सुचवू? नवा फोन ऑफिसातच पाहिजे असं काही नाही. इंटरनेट असेल तिथं लावा, एक्स्टेन्शन तेच राहतं. मॅडम गडहिंग्लजला बसल्या तरी बोर्ड चालेल."

शीतलनं लेखी आदेश काढला: ऑपरेटर श्रीमती बिरनाळे यांनी गडहिंग्लज मुक्कामी जाऊन ग्राहकास समक्ष उत्तर द्यावे, काटा पोचवावा आणि ग्राहकाने स्वखुशीने फोन ठेवल्याची पोच घ्यावी. तोवर लाइन तीनची विचारपूस मालक स्वतः करतील.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी मी हत्तरगींना सांगितलं, "उद्या लाइन कापणार आहेत."

पाव तास गेला. "मग बाई, ठेवू का म्हणून आताच इचारू का?"

मी नियम मोडून लगेच बोलले. "नका विचारू. उद्या संध्याकाळपर्यंत नका विचारू."

"बरं," ते म्हणाले.

तीस तारखेला दुपारी मी गडहिंग्लजची एसटी धरली. काटा डिकीत मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवला. मांडीवर नव्या फोनचा खोका. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा कामाच्या वेळेत त्यांच्यापासून इतका वेळ लांब होते, आणि गाडी तर त्यांच्याच दिशेनं चालली होती. निपाणी गेल्यावर मला दम लागला. तो दम्याचा नव्हता.

दुकान मी आवाजावरून ओळखलं. पत्रा वाजत होता. आत काउंटरमागं एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते, डावा खांदा वर गेलेला, कान आणि खांद्यात रिसीव्हर. दोन्ही हातांनी ते एका पोराला गूळ बांधून देत होते. शेवटी एक खडा त्यांनी जास्तीचा टाकला. रिसीव्हरमधून शीतलचा आवाज आला, "लाइनवर राहा, काका."

मी काटा काउंटरवर ठेवला. "हत्तरगीसाहेब," मी म्हटलं, "काटा तयार आहे."

त्यांनी आधी रिसीव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आवाज जवळनं आला आज," ते म्हणाले.

"सत्त्याण्णव सालापासून तयार आहे. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

ते चिठ्ठीवरनं बोट फिरवत राहिले. शाई विटकी झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. मग म्हणाले, "मलाबी ठाऊक हुतं की, बाई. भूपालअण्णा बेळगावला जाताना वाट वाकडी करून आलं हुतं. काटा तयार हाय, म्हटलं, कवाबी न्या."

"कधी आले होते?"

"फोन केला त्येच्या दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी गुळाच्या ढेपेवर पोतं टाकून दिलं. मी बसले.

"मग फोन ठेवायचा होतात की!"

"तुम्ही ठेवा म्हटला न्हाईसा." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् तुम्ही म्हणू ने असं वाटायचं. दर पाव तासाला वाटायचं."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी शेजारच्या दुकानातल्या त्यांच्या पुतण्याकडून इंटरनेटची तार घेतली, नवा फोन काउंटरवर लावला. हिरवा दिवा आला. पोचेचा कागद काढून पुढं ठेवला. त्यांनी सही केली, वळणदार, जुन्या शाळेतली. मग रिसीव्हर खांद्यावरून काढून हातात घेतला. कानाशी लाल वळ होता.

"मग बाई," माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ठेवू का?"

सत्तावीस वर्षं हा शब्द मी घशात धरला होता. "ठेवा," मी म्हटलं.

"बरं, ठेवतो हं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुकानात एकदम इतकं शांत झालं की आतला पत्रा तेवढा ऐकू येत राहिला. आजवर आम्ही कधी सलग दोन वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. त्यांनी धोतराला हात पुसले. "च्या घेतासा न्हवं?"

"घेईन की."

"जरा थांबा. साखर हाय का, आत बघून सांगतो," ते म्हणाले आणि आतल्या दारानं गेले.

त्याला आता चौथा महिना चालू आहे. माझा बोर्ड काउंटरवर उत्तम चालतो. सांगलीचे फोन मी इथूनच जोडते, आवाज स्वच्छ येतो, पाध्यांचं काम चोख आहे. शीतल अधूनमधून विचारतो, "मावशी, परत कधी येताय?" मी सांगते, मी होल्डवर आहे. तो म्हणतो, बरं. गिऱ्हाइकाला मीच माप घालते, आमच्या काट्यावर, शेवटची मूठ जास्तीची. आतून बरण्या सरकवल्याचे आवाज येतात, आणि मधल्या वेळात हत्तरगी आमच्या जुन्या बोर्डातली धून गुणगुणत असतात, एकही सूर न चुकता.

दर पंधरा मिनिटांनी ते आतून विचारतात, "बाई, हाईसा न्हवं?"

"आहे," मी म्हणते. "सावकाश बघा."