बत्तीस मिळवायचे राहिले

आमच्या कार्यालयात सेल्सिअसचे फॅरनहाइट करून मिळते. नऊने गुणायचे, पाचाने भागायचे, बत्तीस मिळवायचे. हे सगळे एकाच माणसाने केले तर चूक झाल्यावर नेमके कोणाला धरायचे, असा प्रश्न पडतो. म्हणून कामाची तीन मेजे केली आहेत. गुणाकाराला एक बाई आहेत, भागाकाराला मी. तिसऱ्या मेजावर बत्तीस मिळवणारे गृहस्थ बसतात. एकोणीस वर्षांत त्यांनी चुकूनही कधी तेहतीस मिळवले नाहीत. त्यांना सगळे बत्तीसराव म्हणतात.

सोमवारी बत्तीसराव तापाने फणफणले. शंभर अंश फॅरनहाइटच्या वर ताप असेल तरच आजारपणाची रजा मिळते, आणि कार्यालयाचा थर्मामीटर सेल्सिअसचा. त्याने एकोणचाळीस दाखवले. बाईंनी नऊने गुणून तीनशे एक्कावन्न केले. मी पाचाने भागून सत्तर पूर्णांक दोन केले, दोनदा तपासले, सही ठोकली आणि कागद तिसऱ्या मेजावर ठेवला.

बत्तीसरावांनी पेन उचलले, तोच साहेब ओरडले, "थांबा! स्वतःच्या तापात स्वतःच भर घालणार? चौकशी लागेल!"

"मग तुम्ही मिळवा, साहेब."

"मी? मला फक्त सहीचा अधिकार आहे."

कागद होता तसाच कार्यालयाच्या डॉक्टरांकडे गेला. आकडा वाचून त्यांनी चष्मा काढला. "एवढ्या कमी तापमानाला माणूस जिवंत राहत नाही हो," ते हळहळले आणि मृत्यूचा दाखला लिहू लागले. बत्तीसराव समोरच स्टुलावर खोकत होते.

"शेवटी फार त्रास झाला का?" डॉक्टरांनी विचारले.

"अजून होतोय."

मयताचा अर्ज घेता येत नाही, म्हणून रजा नामंजूर झाली. रजा नामंजूर, म्हणून हजर राहणे बंधनकारक झाले. मला वाईट वाटले, पण वाईट वाटणे माझ्या मेजाकडे येत नाही.

बत्तीसरावांची बायको धावत आली. "अहो, कुणीतरी कपाळाला हात लावून बघा ना! चटका बसतोय!"

"वहिनी," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा हात सेल्सिअसमध्ये मोजतो की फॅरनहाइटमध्ये?"



चार वाजता शोकसभा झाली. बत्तीसराव ब्लँकेट पांघरून शेवटच्या रांगेत कुडकुडत उभे होते. दोन मिनिटांच्या शांततेत मी मनातल्या मनात बत्तीस मिळवून पाहिले. शेजारी बाईंचे ओठ हलत होते. साहेबही पाठीमागे हात धरून बोटे मोजत होते. दुसऱ्या मिनिटाला बत्तीसराव धाडकन खाली पडले. शांतता मोडू नये म्हणून कुणी हलले नाही.

खरा ताप किती, हे तुम्हीही वाचता वाचता केव्हाच काढले असेल. तरी शेवटपर्यंत तुम्ही ब्र काढला नाहीत, हे साहेबांना फार आवडले. तिसरे मेज रिकामे आहे. सोमवारपासून रुजू व्हा.