हरसूलचं देशी गवत

हरसूलजवळच्या पाणथळ जागेचं पुनरुज्जीवन जुलैत शंभर टक्के यशस्वी झालं आणि नोव्हेंबरात ती पाणथळ जागा झोडपून पोत्यात भरण्यात आली. पण असं काही घडलेलंच नाही, ही संस्थेची अधिकृत भूमिका आहे. आपणही तीच धरून चालू.

संस्थेचं नाव 'वसुधा छत्र'. ठिकठिकाणचे स्वयंसेवक गट या छत्राखाली गोळा करायचे आणि त्यांच्याकडून उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या करून घ्यायच्या, असं काम. समाधान तिथे समन्वयक होता. समन्वयक म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर असतात आणि ज्याचा फोन कोणी उचलत नाही. त्याचा करार दिवाळीनंतर संपणार होता. तो वाढला नाही तर नाशिकजवळ मखमलाबादला वडिलांच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधायला बसायचं, हे ठरलेलं होतं. वडील तोंडानं काही बोलत नसत. फक्त समाधान जेवायला बसला की शेजारी सुतळीचा गुंडा आणून ठेवत.

संचालिका प्रतिभा मॅडमनी एकच अट घातली होती. "मला एक गावगट हवा. उन्हाळ्यात टेकडीवर खड्डे खणेल आणि पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत झाडं लावायला परत येईल. खणायला सगळे येतात हो. परत कोणी येत नाही. तो आला, तर तुमचं बघू."

"हरसूलकडं माझी माणसं आहेत, मॅडम," समाधान म्हणाला.

हरसूलशी त्याची ओळख एवढीच होती, की तिकडे जाणाऱ्या जीपमध्ये त्याला एकदा उलटी झाली होती.

तरी मे महिन्यात तो हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर गेला. तिथल्या मंगळू नावाच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बैठक बसली. समाधाननं जमिनीची धूप, जैवविविधता आणि पुढच्या सात पिढ्या यांवर पाऊण तास भाषण केलं. ते संपल्यावर मंगळूची बायको अक्काबाई म्हणाली, "म्हंजे खड्डे खणायचेत ना?"

"हो."

"मंग तसं सांगा की. येऊ आम्ही. आमची माणसं एक दिवस तुमच्या टेकडीवर. तुमची तेवढीच माणसं एक दिवस आमच्या वावरात. सावड हाय ती. चालंल?"

आता शहरात आपण रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'या की एकदा घरी' म्हणतो. तोही 'येतो की' म्हणतो. दोघांपैकी कोणी मनावर घेतलं तर अनर्थ होईल, हे दोघांनाही माहीत असतं. समाधान याच संस्कारात वाढलेला. "चालेल म्हणजे काय, अक्काबाई. धावेल," असं म्हणून त्यानं वहीत 'परस्पर सहकार्य' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ठरल्या दिवशी त्रेचाळीस माणसं कुदळी घेऊन टेकडीवर आली आणि दुपारच्या आत एक हजार खड्डे खणून घरी गेली. फोटो काढायला समाधान पोचला, तेव्हा तिथे फक्त खड्डे होते. त्यानं खड्ड्यांचे फोटो काढले.

जुलैत मंगळूचा फोन आला.

"समाधानभाऊ, आवणी लागली. रविवारी तुमची त्रेचाळीस माणसं पाठवा."

"कुठं?"

"आमच्या वावरात. भात लावायला. सावड नाय का?"

समाधान हसला. मंगळू हसला नाही.

"मंगळूदादा, आमची माणसं शहरातली. बँकेतून रिटायर झालेली. गुडघे बदललेली."

"बदलल्यालं चांगलंच की. नवं असंल. आणि नाय आली तर आमचीबी टेकडीवर येणार नाय. झाडं तुमची तुम्ही लावा."

हजार खड्डे, एक समाधान आणि सुतळीचा गुंडा. त्यानं रात्रभर विचार वगैरे केला नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. छत्राखालच्या कॉलेज रोडच्या ज्येष्ठांच्या गटाला त्यानं लगेच निरोप टाकला: 'रविवारी हरसूल परिसरात पाणथळ जागी देशी गवताची लागवड. जुने कपडे घालावेत.'

यातला एकही शब्द खोटा नव्हता. भात हे गवतच आहे. खाचरात पाणी असतं. कपड्यांचं तर त्यानं अगदी कळकळीनं लिहिलं होतं.

सत्तेचाळीस जण आले. गटप्रमुख छायाताईंनी पुण्याहून आलेल्या चार नणंदाही आणल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या छायाताईंनी बांधावर उभं राहून रोपाची जुडी निरखली आणि वही काढली.

"समाधान, याचं शास्त्रीय नाव?"

"ओरायझा सटायव्हा."

"वा. दुर्मीळ आहे?"

"नाशिक शहरात तरी कुठंच उगवत नाही, ताई."

भिमाजी नावाचे माजी बँक अधिकारी जरा संशयी होते. "हे भातासारखं दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतं खरं," समाधान म्हणाला आणि त्यांना खाचराच्या पार पलीकडच्या टोकाला पाठवलं.

नाशिकचा माणूस द्राक्षाची जात पानावरून सांगेल, कांदा वासावरून सांगेल. भात मात्र तो ताटात वाढल्यावरच ओळखतो. त्यामुळे बाकी कोणाला शंका आली नाही. गुडघाभर चिखलात सगळे वाकले, भक्तिगीतं म्हटली, दोन नणंदा बसल्या त्या उठल्याच नाहीत, त्यांना मंगळूनं बैलाची वेसण धरावी तसं हाताला धरून बाहेर काढलं. संध्याकाळी अक्काबाईनं खाचरावरून नजर फिरवली.

"बैल मुतल्यागत रेघ गेलीय," ती म्हणाली. "पण लावलं. सावड फिटली."

पुढच्या आठवड्यात तिची त्रेचाळीस माणसं टेकडीवर आली आणि हजार खड्ड्यांत हजार रोपं लावून गेली. गावगट परत आला होता. समाधाननं त्या रात्री पोटभर जेवून सुतळीचा गुंडा लाथेनं पलंगाखाली ढकलला.

घोटाळा झाला तो छायाताईंनी खाचरात काढलेल्या फोटोंमुळे. प्रतिभा मॅडमनी ते पाहिले.

"हे पाणथळ पुनरुज्जीवन आपण कधी सुरू केलं?"

समाधाननं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "असं काम बघितलं की वाटतं, माणसाला कायमच करून टाकावं." त्यानं तोंड मिटलं.

महिन्याभरात मंगळूच्या बांधावर संस्थेचा लोखंडी फलक लागला: 'संवेदनशील अधिवास. आत पाऊल टाकू नये.' मंगळूनं तो वाचला, त्याला स्वतःचा जुना सदरा घातला आणि आत गेला. पोपट यायचे थांबले. फलक कामाचा आहे, असं त्यानं फोन करून कळवलंसुद्धा.

दिवाळीनंतर छायाताई आपली पाणथळ जागा व्याह्यांना दाखवायला गाडी करून गेल्या. तिथे पाणी नव्हतं. गवत नव्हतं. नुसती खुंटं होती आणि शेजारी खळ्यावर अक्काबाई पेंढ्या झोडपत होती.

"अहो, हे कोणी केलं?" छायाताईंनी बांधावरूनच विचारलं.

"आम्हीच की," अक्काबाई कौतुकानं म्हणाली. "तुमच्या हाताला लय गुण हाय, ताई. वाकडं लावलं, पण भरलं जोरात. बसा. नव्या तांदळाचा भात टाकते."

छायाताई जेवल्या. दोनदा वाढून घेतलं. मग गाडीत बसून त्यांनी संस्थेकडे अधिवासाच्या विध्वंसाची लेखी तक्रार केली, सत्तेचाळीस नावांनिशी.

मॅडमनी समाधानला बोलावलं. त्यानं या खेपेला सगळं सांगितलं, सावडीपासून नणंदांपर्यंत. मॅडमनी टेबलावरचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला.

"समाधान, वार्षिक अहवाल छापून झालाय. मुखपृष्ठावर तेच शेत आहे."

"हो, मॅडम."

"म्हणजे ते शेत नाही."

"नाही, मॅडम."

"मग पुढच्या वर्षी हे होता कामा नये. टप्पा दोनसाठी कृषी अधिकाऱ्यांना अर्ज लिहा. मंजुरी आली, की त्याच दिवशी तुम्ही कायम."

समाधाननं अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शेवटचा परिच्छेद असा होता:

'तरी टप्पा दोनमधील सदर गवतास लोंबी धरण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घेण्याबाबत आपल्या स्तरावरून सक्त समज देण्यात यावी व तशी पोच गवताच्या सहीनिशी या कार्यालयास मिळावी, ही विनंती.'