ड्यूकच्या पाठीवरचं औषध

कोणताही आजार माणसाला होण्याआधी तो कुठल्या तरी प्रकारात बसावा लागतो. प्रकार ठरला की औषध ठरतं, औषध ठरलं की ते कोणी घ्यायचं हे ठरतं, आणि एकदा ते ठरलं की बाकीचे सगळे निर्धास्त होतात. प्रगत समाज ओळखायचा तो असा, आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागातलं कुराबिन हे गाव या बाबतीत फारच पुढारलेलं होतं.

गावाच्या आरोग्य सल्लागार समितीपुढे त्या वर्षी असा प्रश्न आला: बायकांना होणारा योनिमार्गाचा जिवाणूसंसर्ग (तोच, ज्यात अंगावरून जातं, वास येतो, आणि जो गोळ्यांनी बरा होऊन महिन्या-दोन महिन्यांत परत हजर होतो) हा लैंगिक संबंधातून पसरणारा मानावा की नाही? शहरातल्या एका नव्या अभ्यासात असं दिसलं होतं, की बायकोबरोबर नवऱ्यालाही औषध दिलं तर आजार परत येण्याचं प्रमाण बरंच घटतं. कुराबिनच्या पुरुषवर्गाने ही बातमी अत्यंत संयमाने घेतली. म्हणजे कोणी वाचली नाही.

डॅरिल मॅकॅलम हा समितीत शेतकऱ्यांचा प्रतिनिधी होता. मोठ्या कळपाचा मालक, फुटबॉल क्लबचा माजी कप्तान, आणि लोकरीतल्या उवांविषयी बोलायचं तर सगळ्या जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कळपाला औषध देताना शेजाऱ्याने हयगय केली, तर कुंपणाशी उभा राहून तो त्याला तासभर सुनवायचा.

त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, हा आजार तीन वर्षं चिकटला होता. डॅरिलने तिच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाही. त्याने तिला साबण बदलायला लावला, सुती चड्ड्या घ्यायला लावल्या, पोहणं बंद करायला सांगितलं. दही खा म्हणाला. नुसतं खाऊन भागत नाही, असंही कुठून तरी ऐकून आला. शेवटी तो तिच्या स्वभावापर्यंत पोचला. ("तू फार मनाला लावून घेतेस, ग्लेन.") इतका कसून शोध घेतल्यावर तपासायची अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्याच्या स्वतःच्याच पँटमध्ये असल्यामुळे त्याच्या नजरेला पडत नव्हती.

ग्लेनिस मात्र थकली होती. पोहणं तिचा जीव की प्राण, ते सुटलं. गाडीत कोणाशेजारी बसायची वेळ आली तर ती आधी खिडकीची काच खाली करायची. रात्री ती पाहुण्यांच्या खोलीत झोपू लागली. आणि एक दिवस तिने शांतपणे सांगून टाकलं.

"आता गोळ्या मी एकटी घेणार नाही. घेतल्या तर दोघांनी. नाहीतर मी जिलाँगला बहिणीकडे जाते, आणि परत येण्याचं काही सांगता येत नाही."

डॅरिलला हे फारच टोकाचं वाटलं. आठवडाभर गोळ्या, दिवसातून दोन वेळा मलम, आणि तेवढे दिवस बिअर बंद. बरं, आठवडा कोणता? तर फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा!

"हे बघ, मी समितीचा माणूस आहे," तो म्हणाला. "समिती काय ठरवते ते बघू. मी माझ्या मनाने गोळ्या गिळायला लागलो तर बरं दिसेल का ते?"

समिती बसली. अध्यक्ष डॉक्टर नील प्रॉक्टर यांनी विषयाचा सर्व बाजूंनी विचार मांडला. एक, पुरुषाला त्रास होत नाही. ज्याला त्रास नाही तो आजारी नाही. दोन, पसरणारा म्हटलं की कोणाकडून कोणाकडे हा प्रश्न निघतो, आणि कुराबिनमध्ये असले प्रश्न विचारले तर उत्तरातल्या नावांना फुटबॉलचे दोन्ही संघ पुरे पडणार नाहीत. तीन, अभ्यास शहरातला आहे. शहरातल्या नवऱ्यांना सांगितलेलं ऐकायची सवय असते.

समितीतली एकुलती एक बाई, नर्स ब्रॉनविन, हिने विचारलं, "मग नवऱ्यांना औषध दिल्यावर बायका बऱ्या कशा राहिल्या?"

"मुद्दा मोलाचा आहे," डॉक्टर म्हणाले. मुद्द्याचा आदर म्हणून लगेच चहाची सुट्टी झाली, आणि ब्रॉनविन उभीच असल्याने चहा तिनेच केला.

चहानंतर ठराव एकमताने (ब्रॉनविन कप विसळत होती) मंजूर झाला: हा संसर्ग लैंगिक संबंधातून पसरत नाही; संबंधाच्या वेळी तो तिथे हजर असतो, इतकंच. डॅरिलचा हात सगळ्यांत उंच होता.

"काय ठरलं?" ग्लेनिसने विचारलं.

"आणखी अभ्यास यायचेत. तोपर्यंत थांबायचं."

दुसऱ्या दिवशी लोकर कातरून झाली आणि उवांचं औषध मेंढ्यांच्या पाठीवर सोडायचं काम निघालं. दरवर्षी ते ग्लेनिस करायची आणि डॅरिल फाटक सांभाळायचा. शेवटची मेंढी झाली. उरला ड्यूक, डॅरिलचा लाडका, बक्षिसं मिळवलेला मेंढा. ग्लेनिसने औषधाची नळी खाली ठेवली आणि हात पुसले.

"अगं, ड्यूक राहिला!"

"राहू दे. तो खाजवतोय का कुठे?"

"खाजवत नसला म्हणून काय झालं? उवा असतात ना अंगावर! एक जनावर सोडलंस तर सगळं औषध पाण्यात. आणि सोडतेस कोणाला, तर मेंढ्याला? तो तर सगळ्यांकडे जाऊन येतो!"

"मग मेंढ्यांचा साबण बदलून बघू या."

"ग्लेन..."

"दही घालू. फार मनाला लावून घेतात त्या."

"सगळे ऐकतायत, ग्लेन!"

"ऐकू देत की. ड्यूकची बिअर मी बंद करणार नाही. बिचाऱ्याचा अंतिम सामना आलाय."

लोकर कातरायला आलेल्या गड्यांनी आपापल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली. एकाला खोकला लागला तो थांबेना. डॅरिलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कुंपणाशी उभं राहून शेजाऱ्यांना दिलेली सगळी व्याख्यानं त्याला एकदम आठवली, आणि त्याला मनापासून लाज वाटली. त्याने नळी उचलली, ड्यूकच्या पाठीवर स्वतःच्या हाताने औषध सोडलं आणि तसाच गाडीत बसून ब्रॉनविनकडे गेला.

अंतिम सामन्याला तो लिंबाचं सरबत घेऊन उभा राहिला. "दात," त्याने विचारणाऱ्यांना सांगितलं. "गोळ्या चालू आहेत." त्यावर कोणी हसलं नाही. पुढच्या मोसमात क्लबातल्या निम्म्या नवऱ्यांच्या हातात सरबत दिसू लागलं, आणि सगळ्यांचा दातच दुखत होता. गावच्या दंतवैद्याकडे मात्र यांपैकी एकही फिरकला नाही. ही दाताची साथ नेमकी कशातून पसरते, हे ठरवायला समितीने एक उपसमिती नेमली आहे.

ग्लेनिस पुन्हा पोहायला जाते. पाहुण्यांच्या खोलीत आता पाहुणे झोपतात.

ज्या वाचकांना ही गोष्ट पसंत पडली आणि ती बायकोला वाचून दाखवावी असं वाटलं, त्यांनी आधी एक करावं. गेल्या वर्षी ती डॉक्टरांकडे कशासाठी गेली होती, हे तिला न विचारता आठवून पाहावं. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. डॅरिलने राजीनामा दिला आहे, आणि त्याच्या जागी समितीला तुमच्यासारखाच माणूस हवा आहे.