जीपच्या आवाजाची रिक्षा

भिमाजीच्या नव्या रिक्षात सलग चौथ्या दिवशी कोणी बसलं नाही, आणि सातपूरहून मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, वॉचमनची जागा अजून धरून ठेवलीय बरं का," यादव म्हणाला. "शर्टाचं माप तेवढं कळवा. कंपनीवाले महिनाअखेरपर्यंत थांबतील, पुढे नाय."

"अरे, गाडी आत्ताच तर आणलीय!"

"आणलीय हो, पण भरतीय कुठं?"

भिमाजीनं फोन ठेवला. वीस वर्षं त्यानं करंजखोऱ्यातून वणीला माणसं नेली होती. आता कारखान्याच्या दारात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्यांना गेट उघडायचं? त्याला नुसत्या कल्पनेनंच रडू यायला लागलं.

तशी गाडीत काही खोट नव्हती. जुनी डिझेल जीप भंगारात गेली तेव्हा त्याची मुलगी चैतालीच म्हणाली होती, "आप्पा, विजेवरची रिक्षा घ्या. आता आपल्या वस्तीला स्वतःची विजेची डीपी आहे." खरंच होतं ते. पूर्वी कुणी पिठाची गिरणी चालू केली की अख्ख्या गावाचे दिवे मिणमिणायचे. वस्तीला डीपी बसली आणि भिमाजी ओसरीत गाडी चार्जिंगला लावून खुशाल घोरायला लागला.

घोळ होता तो आवाजाचा, म्हणजे नसलेल्या आवाजाचा. करंजखोऱ्यात घड्याळ बघून वणीला निघायची पद्धतच नव्हती. भिमाजीनं पाराशी जीप सुरू केली की ती आधी खोकायची, मग थरथरायची आणि मग गुरगुरायची. खोकली की कुसाबाई शेवटची भाकरी तव्यावरून काढायची, गुरगुरली की धोंडाबाई दाराला कडी घालायची. रिक्षा मात्र मांजरासारखी यायची आणि तशीच निघून जायची. मग मागून दुधाची पिकअप भोंगा वाजवत आली की बायका टोपल्या घेऊन तिच्यात चढायच्या.

"मावशी, तुमच्या दारात उभा होतो की मी!" भिमाजी एकदा कळवळून म्हणाला.

"मग हाक नाय मारायची?" कुसाबाईनं उलट विचारलं.

"हॉर्न वाजवला ना!"

"तो हॉर्न व्हता व्हय? मला वाटलं कुल्फीवाला आला."

शेवटी चैतालीनं डोकं चालवलं. जीपच्या शेवटच्या फेरीचा तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्यातला आवाज तिनं पेनड्राइव्हवर घेतला, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजेल अशी व्यवस्था केली आणि रिक्षाच्या टपावर कर्णा बसवून दिला.

"सगळा ऐकलास का गं नीट?" तिच्या आईनं, आशानं, विचारलं.

"सुरुवातीची पाच मिनिटं ऐकली की. जीपच्या आवाजात आणखी काय ऐकायचं, आई?"

बाजाराच्या दिवशी भिमाजीनं पाराशी बटण दाबलं आणि रिक्षा खोकली. काय सांगू तुम्हाला! धडाधड कड्या लागल्या, आणि कुसाबाई, धोंडाबाई आणि आणखी दोघी कोथिंबिरीच्या टोपल्या घेऊन धावत आल्या. टोपल्या टपावर चढल्या, बायका आत बसल्या आणि दुधाची पिकअप नुसतंच दूध घेऊन गेली. भिमाजीची छाती फुगली.

धोंडाबाईला जीपमध्ये हमखास मळमळायचं. तिनं बसल्याबसल्या नाकाला पदर लावला. "लिंबू द्या गं कुणीतरी! लय वास मारतंय डिझेल."

"काकू, ह्यात डिझेल नाय!" भिमाजी कर्ण्याच्या वरताण ओरडला.

"मग हा आवाज काय पाण्यावर येतोय? मला येडी समजतो का?" असं म्हणून तिनं अर्धं लिंबू हुंगलं आणि तिला बरं वाटलं.

वणीच्या अलीकडे एक अवघड चढ आहे. चढाच्या मध्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला म्हणून भिमाजीनं रिक्षा थांबवली आणि बाहेर डोकं काढून तो शेळ्यांच्या मालकाशी भांडायला लागला. नेमका तेव्हाच वरचा आवाज खड्‌खड्‌ करत फुस्स झाला. कारण शेवटच्या फेरीलाही जीप ह्याच चढावर बंद पडली होती, आणि तेही त्या व्हिडिओत इमानेइतबारे आलं होतं.

आता ह्या चढावर जीप बंद पडली की काय करायचं हे बायकांना सांगावं लागत नसे. चौघी मुकाट्यानं उतरल्या, पदर खोचले आणि मागून हात लावले. तेवढ्यात शेळ्या गेल्या आणि भिमाजीनं रिक्षा सोडली.

"आज पहिल्याच दणक्याला निघाली गं!" कुसाबाई खुशीत म्हणाली.

निघाली ती निघालीच. वळणाआड दिसेनाशी झाली तेव्हा बायका बोंबलायला लागल्या, पण वर आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. त्या गुरगुरण्यात भिमाजीला काय ऐकू जाणार, कपाळ?

वणीपर्यंत तो एकटाच बोलत होता. "बघा कशी लोण्यावानी चालतीय! उगाच पिकअपमधी धक्के खात व्हता." मागून उत्तर आलं नाही, पण जीपमध्ये तरी कधी येत होतं? बाजारतळावर त्यानं आवाज बंद केला आणि ऐटीत मागे वळला.

"चला, उतरा!"

मागच्या सीटवर अर्धं लिंबू होतं. टपावरच्या टोपलीत कुसाबाईचा मोबाइल वाजत होता. भिमाजीनं तो काढून कानाला लावला.

"मेल्या, आम्ही चढावरच हाय!" धोंडाबाईच्या फोनवरून कुसाबाई कडाडली.

भिमाजीनं रिक्षा तशीच माघारी वळवली. कर्णा सुरू करायचं धाडस त्याला झालं नाही. संपलं सगळं, त्याला वाटलं, आज रात्रीच यादवला शर्टाचं माप सांगायचं. तो चढावर पोचला तेव्हा चौघी रस्त्याकडे पाठ करून दगडांवर बसल्या होत्या.

"ह्या भिमाजीच्या गाडीत पुन्हा पाय ठेवला तर नावाची कुसाबाई नाय!"

"मावशी," तो मागून हळूच म्हणाला.

चौघी एकदम किंचाळल्या. मग शिव्या देत देत गाडीत बसल्या, कारण कोथिंबीर टपावर होती आणि ऊन वाढत होतं.

अर्धा मैल शिव्या पुरल्या. पण बाजाराला निघालेल्या चार बायका किती वेळ नुसत्या शिव्या देणार? धोंडाबाईनं कुणाच्या तरी सुनेचा विषय काढला आणि तिच्या ध्यानात आलं की आज ओरडावं लागत नाहीये. बाकीच्या तिघी पुढे सरकल्या. कुणाची सून रुसली, कुणाची जाऊ परत आली, सगळं कुजबुजत सांगून झालं. धोंडाबाईला लिंबाची आठवणही झाली नाही. मग जीपमधल्या सवयीप्रमाणे विषय ड्रायव्हरवर आला.

"माणूस सोन्यासारखा हाय गं भिमाजी," कुसाबाई म्हणाली. "दुसरा कोण आला असता माघारी? पण ब्रेक असा दाबतो, जसा काय विंचू मारतोय. वीस वर्सं मी डोळे मिटून बसते."

"मी तर सप्तशृंगीचं नाव घेते," धोंडाबाई म्हणाली.

भिमाजीचे कान लाल झाले. "मावशी, मला सगळं ऐकू येतंय."

धोंडाबाईनं जीभ चावली.

"येऊ दे की," कुसाबाई सावरून बसत म्हणाली. "वीस वर्सं आम्ही हेच सांगतोय, आज पोचलं तुला. आता तो वरचा कर्णा काढून टाक, धड बोलू देत नाय. उद्यापासून आम्हीच सातला पाराशी येऊन बसतो."

"रोज?" भिमाजीचा आवाज चिरकला.

"रोज. घरात सासू, गाडीत डिझेलचा खडखडाट, कुठं बोलायचं आम्ही? फक्त ब्रेक जरा बेतानं."

वणीचा बाजार आला. भिमाजीनं श्वास रोखून ब्रेक दाबला, इतका हळू, की रिक्षा बाजारतळ ओलांडून थेट पोलीस चौकीच्या दारात जाऊन थांबली.

"हां," कुसाबाई मोठ्या समाधानानं म्हणाली, "आता कसं!"