चंद्राक्काच्या अर्जाची पार्श्वभूमी

एका जंगलात, मुलांनो, प्राणी बोलायचे तेव्हाची ही गोष्ट. आता ते बोलत नाहीत. बोलून काय होतं ते त्यांना कळलेलं आहे.

त्या जंगलात चंद्राक्का नावाची एक साळिंदर राहत होती. नवरा मागेच गेला होता. पोरं आपापल्या टेकड्यांवर सुखात होती, म्हणजे आईकडे फिरकत नव्हती. चंद्राक्काचं असं म्हणायला एक बीळ होतं. स्वतःच्या पंज्यांनी खणलेलं. दोन खोल्या, मध्ये एक वळण, भिंती लाल मातीनं सारवलेल्या, आणि मागच्या खोलीत थंडीपुरता कंदांचा साठा.

एके दिवशी ती सकाळी आणखी चार कंद उकरायला म्हणून गेली आणि दुपारी परत आली, तर बिळात धोंडोजीराव रानडुक्कर पसरलेले. आत शिरता यावं म्हणून त्यांनी सुळ्यांनी उकरून दार चांगलं रुंद केलं होतं.

"धोंडोजीराव, हे माझं बीळ आहे," चंद्राक्का म्हणाली.

"मोकळं होतं, अक्का."

"मी कंद आणायला गेले होते."

"तेच म्हणतोय मी. मोकळं होतं." धोंडोजीरावांनी एक डोळा उघडला. "आणि दार बघितलंत का? केवढंसं होतं! आता कसं प्रशस्त वाटतंय. कुणी केलं? आम्ही केलं. आभारबिभार मानायचं सोडून तुम्ही आपल्या भांडायलाच आलात."

बोलता बोलता ते काहीतरी चघळत होते. चंद्राक्कानं वास घेतला. तिचेच कंद.

चंद्राक्का सभ्य घरातली. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, तंटा करायचा नाही, अर्ज करायचा. म्हणून ती अर्ज करायला गेली.

अर्ज घ्यायचं काम घोरपडबाईंकडे होतं. वडाखालच्या दगडी खुर्चीला त्या एकदा चिकटल्या त्या चिकटल्या. तीन राजे बदलले, घोरपडबाई बदलल्या नाहीत. चंद्राक्कानं गांधीलमाश्यांच्या जुन्या पोळ्यातून कागद सोडवून आणला होता. त्यावर काजळीनं नीट लिहिलं होतं की धोंडोजीरावांनी माझं बीळ बळकावलं आहे, ते मला परत मिळावं.

घोरपडबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. "याला पार्श्वभूमी कुठाय?"

"माझी पार्श्वभूमी स्वच्छ आहे," चंद्राक्का दुखावून म्हणाली. "आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाचं पानसुद्धा चोरलेलं नाही."

"तुमची नव्हे हो. कागदाची. किती करडा आहे हा! असलं काही बघितलं की राजेसाहेबांचं डोकं दुखतं. नवा आदेश आलाय. अर्जाच्या कागदाला आधी रंग हवा, शाई हवी, थरावर थर हवेत. मजकुराचं नंतर बघू."

"आणि हे सगळं कुठं मिळतं?"

"मिळत नाही, शिकावं लागतं. मैनामॅडमकडे जा."

मैनामॅडम मूळच्या याच जंगलातल्या. मध्यंतरी तीन वर्षं त्या शहरात एका पिंजऱ्यात होत्या, आणि तो पिंजरा टांगलेला होता एका बाईंच्या चित्रवहीच्या वर्गात. चित्रवही म्हणजे काय? तर रोज एक पान घ्यायचं. ते रंगवायचं, त्यावर काहीबाही चिकटवायचं, ते फाडायचं, पुन्हा रंगवायचं, आणि जागा उरलीच तर मनातलं दोन ओळी लिहायचं. मॅडमनी तीन वर्षं पिंजऱ्यातून हेच ऐकलं. मग एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि त्या उडाल्या, पाठ झालेल्या सगळ्या वाक्यांसकट.

"कागदाला घाबरायचं नाही!" त्या आंब्याच्या फांदीवरून ओरडायच्या. "चूक नसतेच, थर असतो! आधीचा वाळू द्या, मग पुढचा! कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं!"

खाली बसलेले प्राणी हे सगळं उतरवून घ्यायचे. गॅसचं तंत्र अजून कुणाला जमलं नव्हतं, पण प्रयत्न चालू होते.

चंद्राक्काला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. शेजारी एक सशीण होती.

"तुम्ही किती दिवस येताय?" चंद्राक्कानं विचारलं.

"दोन वर्षं होतील. वाघोबाबद्दल तक्रार द्यायची होती. तेव्हा आम्ही नऊ बहिणी होतो."

"आणि आता?"

"आता दोघी आहोत," सशीण म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "पण माझे थर बघा ना!"

पहिल्या दिवशी चंद्राक्कानं कागदाला चुना फासला. दुसऱ्या दिवशी पळसाच्या सुक्या फुलांचं पाणी ओतलं आणि कागद तिरका धरून ते वाटेल तिकडे वाहू दिलं. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या जांभळांची शाई आली. शाई ओली असतानाच त्यावर मिठाचे खडे टाकायचे, असं मॅडमनी ओरडून सांगितलं. जनावरं जिथं माती चाटायला जातात तिथून चंद्राक्कानं चिमूटभर खडे वेचून आणले होते. ते तिनं पसरले आणि ती वाट बघत बसली.

शाई हळूहळू मिठाभोवती सरकली. जिथं जिथं खडा होता तिथं एक एक फिकट चांदणी उमलली. जांभळ्या अंधारात शेदोनशे चांदण्या! एवढ्या वर्षांच्या आयुष्यात तिनं पोटाला लागत नाही असं काही पहिल्यांदाच केलं होतं. खोटं कशाला बोला, मुलांनो, त्या दुपारी ती आपलं बीळ साफ विसरली.

संध्याकाळी करवंदीच्या जाळीखाली अंग मुडपून बसल्यावर वारा हाडात शिरला, तेव्हा तिला ते पुन्हा आठवलं.

"मॅडम, मी लिहू कधी?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"वाळू द्या!"

मग किड्यांनी चाळण केलेलं पान कागदावर ठेवून त्यातून गेरू फुंकला. मग बोरूच्या नळीनं काताचे थेंब इकडेतिकडे पळवले. मग पोळ्याचे तुकडे फाडून डिंकानं चिकटवले. प्रत्येक थरानंतर चंद्राक्का विचारायची, लिहू का? आणि मॅडम म्हणायच्या, वाळू द्या. इकडे थंडी वाढत चालली. चंद्राक्काला खोकला झाला. तिकडे धोंडोजीरावांनी मागच्या खोलीतले कंद संपवत आणले. चंद्राक्काला ते कळायचं, कारण त्यांच्या ढेकरांचा आवाज आंब्यापर्यंत यायचा.

शेवटी एकदाचा कागद वाळला. चंद्राक्का तो घेऊन वडाखाली गेली.

घोरपडबाईंनी तो पाहिला आणि खुर्चीवरचा एक पाय चक्क उचलला. तीन राज्यांत हे असं पहिल्यांदाच घडत होतं. "अगंबाई! काय हे! काय हे!" त्यांनी तो कागद बाभळीच्या काट्यांनी वडाच्या बुंध्याला टोचून लावला. बघायला गर्दी जमली. खुद्द राजेसाहेब तिकडून जात होते, तेही थांबले, जांभई दिली आणि पुढं गेले.

"अहो, पण मी अजून काही लिहिलेलंच नाही," चंद्राक्का म्हणाली.

"लिहू नका! नासेल!"

"मग माझ्या अर्जाचा निर्णय?"

"झाला की! पहिला नंबर." घोरपडबाईंनी तिच्या हातात बक्षीस ठेवलं. याहून मोठा एक कोरा कागद.

चंद्राक्का त्या कागदाकडे बघत राहिली. तिला चुना आठवला, पळस आठवला, करवंदीखालचा वारा आठवला. आणि हे सगळं पुन्हा, याहून मोठ्या कागदावर! तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिनं बक्षीस खाली टाकलं, काजळीत पंजा बुडवला, आणि वडावरच्या त्या सुंदर कागदावर, चांदण्यांच्या बरोबर मधोमध, ओबडधोबड मोठ्या अक्षरांत ओढलं :

माझं बीळ परत द्या.

काजळी ओघळली. सशिणीनं डोळे मिटून घेतले. घोरपडबाईंनी उचललेला पाय परत खुर्चीला चिकटवला.

मैनामॅडमनी मान तिरकी केली. वर्गात कुणी असं काही केलं की शहरातल्या बाई काय म्हणायच्या, ते त्यांना नेमकं आठवलं.

"वा! काय धाडस आहे!"

झालं. जो तो वा, वा म्हणू लागला. कुणी म्हणे, काय तो अक्षरांचा जोर. कुणी म्हणे, 'र'चा ओघळ बघा, काळजाला भिडतो. सशिणीनं डोळे पुसत पुढं येऊन विचारलं, "अक्का, बीळ म्हणजे मन ना हो?"

"बीळ म्हणजे बीळ," चंद्राक्का म्हणाली.

"किती खोल!" सशीण म्हणाली.

आठ दिवसांत सगळ्या जंगलाला चंद्राक्काच्या ओळीनं वेड लावलं. सागाच्या पानात अक्षरं कोरून कुणीतरी तिचा छापा केला. पान ठेवायचं, गेरू फुंकायचा, ओळ तयार. ज्यांनी जन्मात बीळ पाहिलं नव्हतं अशा घारींनी घरट्याखाली ती ओळ छापली. सुगरणींनी खोप्याला टांगली. माकडांनी एकमेकांच्या पाठीवर उमटवली. चंद्राक्का जाईल तिथं तिचंच गाऱ्हाणं तिला वाकुल्या दाखवायचं, तेही फुलापानांच्या किनारीसकट.

आणि एका सकाळी धोंडोजीराव स्वतः करवंदीच्या जाळीपाशी आले. अंगाला नुकताच ताजा चिखल लावलेला. म्हणजे कामाचंच काहीतरी होतं.

"अक्का, आम्ही आपल्या बिळाचं कलादालन करतोय. तुमची ती ओळ आत भिंतीवर काढून घेतलीय, भली मोठी. उद्घाटन तुमच्याच हस्ते. नाही म्हणायचं नाही."

"माझ्या बिळात माझी ओळ?"

"हो ना, दुसरीकडे कुठं शोभणार? दहा मिनिटं आत जाऊन बघा. मग अल्पोपाहार आहे. कंद."

"कुणाचे?"

"आपलेच की!" धोंडोजीराव म्हणाले.

चंद्राक्का गेली. दारावर वेल बांधली होती, ती तिनं दातांनी तोडली. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्या म्हणून आधी तिला एकटीला आत सोडलं.

आत समोरच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, माझं बीळ परत द्या. खाली वेलबुट्टी होती. चंद्राक्कानं ते वाचलं आणि ती वळणावरून मागच्या खोलीत गेली. साठा संपला होता. पण कोपऱ्यात तिच्या निजण्याचा खळगा तसाच होता. ती त्यात टेकली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिच्या पाठीला वारा लागला नाही. तिचा खोकला थांबला. तिला नवरा आठवला, पोरं आठवली, आणि मग कुणीच आठवेनासं झालं, नुसतं उबदार वाटत राहिलं.

"अक्का!" बाहेरून धोंडोजीरावांचा आवाज आला. "दहा मिनिटं झाली. या बाहेर."

चंद्राक्का उठली. पुढच्या खोलीत आली. दारापर्यंत गेली. बाहेर अख्खं जंगल कौतुकानं बघत उभं होतं. तिनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं, आणि गर्रकन वळून दाराकडे पाठ करून बसली. मग तिनं अंगावरचे सगळे काटे ताठ उभारले. धोंडोजीरावांनी एवढं रुंद केलेलं दार, ते या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून गेलं.

"अक्का? हे काय?"

आतून फक्त शेपटीच्या काट्यांचा खुळखुळ आवाज.

"सादरीकरण!" मैनामॅडम ओरडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

धोंडोजीरावांनी नाक पुढं करून ढुशी दिली. नाकात तीन काटे घुसले. ते अशा आवाजात किंचाळले की नदीपलीकडचे बगळे उडाले. "प्रेक्षकांनासुद्धा सामावून घेतलंय!" सशीण हरखून म्हणाली. टाळ्या आणखी वाढल्या. धोंडोजीरावांनी आणखी दोनदा ढुशी दिली. काटे एकूण अकरा झाले.

"अहो, हिला कुणी बाहेर काढा!" ते घोरपडबाईंना म्हणाले.

पण घोरपडबाईंनी खास या सोहळ्यासाठी खुर्चीसकट येऊन दारापाशी पाटी लावली होती : कलाकृतीला हात लावू नये. आणि पाटी एकदा लागली की लागली.

आठ दिवस लोक येत होते, मान तिरकी करून चंद्राक्काच्या पाठीकडे बघत होते. कुणी म्हणे हे दुःख आहे, कुणी म्हणे निषेध आहे. मग मैनामॅडमना शहरातलं मेणबत्त्यांचं काहीतरी आठवलं आणि सगळा मेळा मेण शोधायला मोहाच्या रानात गेला. धोंडोजीरावही सुजलेलं नाक घेऊन तिथून हलले. ओढ्याकाठचं मुंगसाचं बीळ मोकळं असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

नवव्या दिवशी चंद्राक्कानं काटे मिटले. ती बाहेर आली, कंद उकरून पोटभर खाल्ले, ओढ्यावरून ओली लाल माती आणली, आणि भिंतीवरची ओळ वेलबुट्टीसकट सारवून टाकली.

एकाच थरात.

तात्पर्य : काहीही मागायचं असेल तर पार्श्वभूमी महत्त्वाची असते. ती रंगीत असली तर बक्षीस मिळतं. काटेरी असली तर बीळ मिळतं. मुलांनो, पेपरात यातली पहिली दोनच वाक्यं लिहा. तिसऱ्याला मार्क नाहीत.