पाठमोरे भैयाजी

गाण्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचं आणि गवयाकडे पाठ करायची, हे धाडस अख्ख्या नागपुरात एकाच माणसाने केलं. आमचे भैयाजी पिंपळखुटे. खुर्ची असली तर ती उचलून उलटी ठेवत, सतरंजी असली तर लोकांकडे तोंड करून खुशाल मांडी घालत. मागे गवई, मध्ये भैयाजी आणि समोर आम्ही दोन-तीनशे माणसं. नवख्याला वाटे, हे संस्थेचे चिटणीस असावेत आणि आता आभार मानणार.

एकदा बाहेरगावच्या एका बुवांना हे फार लागलं. तानपुरा थांबवून ते म्हणाले, "आपण जरा इकडे वळाल का?"

भैयाजी मान न वळवता म्हणाले, "कानाले तोंड नसते बुवाजी. तुम्ही चालू द्या."

खरं म्हणजे भैयाजी गाणं ऐकायला येतच नसत. ते गाणं ऐकणाऱ्यांना बघायला येत. कोणाची मान हलली, कोणी जांभई दिली, कोण हळूच चपला शोधायला लागला. हिवाळ्यात त्यांचं काम सोपं व्हायचं, कारण मंडपात निम्मे लोक संत्री सोलत बसलेले असत. "वाहवा काय गा, कोणीही करते," ते मला सांगत. "सोलता सोलता हात थांबला पाहिजे. हात थांबला तं समज, गाणं लागलं." दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन निकाल जाहीर होई, "चारच हात थांबले अनंता. अन् तिसऱ्या रांगेतला वकील झोपून राहिला होता. पाहून घेतलं मी." हे 'पाहून घेतलं मी' त्यांचं पालुपद. थांबलेले हात कमी असले की ते सगळ्या सेक्शनला चहा पाजत. जास्त असले की डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की भैयाजी अत्यंत हेवेखोर माणूस होते. त्याला कारण होतं. ते स्वतः ऑर्गन वाजवत. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. इथल्याच एका नाटक मंडळीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली. नाटकात ऑर्गनवाला रंगमंचाच्या पुढ्यात खाली बसतो, तोंड नटांकडे आणि पाठ लोकांकडे. त्यामुळे भैयाजींनी सगळ्या टाळ्या पाठीवर घेतल्या. त्यातल्या आपल्या किती आणि नटीच्या किती, हे त्यांना कधी कळलं नाही. मंडळी मोडली तेव्हा तो अवजड ऑर्गन कोणी नेईना, म्हणून तो भैयाजींच्या घरी आला.

त्यांना हेवा कोणाचाही वाटे. लग्नातल्या बँडवाल्याचा वाटे, रेडिओचा वाटे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होता, त्याचासुद्धा वाटे. "तोही पायच मारते ना गा? पण लोक उभे राहून त्याच्या मशीनकडे पाहतात. मले कोण पाहते?"

पण खरं दुखणं घरात होतं. भैयाजी रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तासभर ऑर्गन वाजवत. कुसुमवहिनी आत स्वयंपाक करत. वाजवणं संपलं की आतून आवाज यायचा, "झालं का? पानं घेते." वीस वर्षांत त्यात एक अक्षर बदललं नव्हतं.

"चांगलं म्हणू नको, पण वाईट तं म्हण," भैयाजी मला म्हणत. "नुसतं पानं घेते, पानं घेते. भिंतीपुढं वाजवून राहिलो मी."

यावर मी गप्प बसे. का गप्प बसे, ते पुढे सांगतो. त्यात माझी शोभा नाही.

तर सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या कचेरीतल्या फिलिपबाबूंनी पास आणले. त्यांच्या सदर भागातल्या चर्चमध्ये परदेशातून एक गोरे साहेब येणार होते आणि तिथला जुना पाइप ऑर्गन वाजवणार होते. फिलिपबाबू म्हणाले, "नळ्याच मोजा तुम्ही! काही तर माणसापेक्षा उंच आहेत. जगात नाव आहे साहेबांचं."

"हवा कोण भरते?" भैयाजींनी विचारलं.

"मोटर आहे ना विजेची."

"म्हणजे पाय नाही मारत?" भैयाजींचा चेहरा खुलला. "मंग काय वाजवते तो! अर्धं काम तं मोटर करते."

"पायांनी वाजवतात ते," फिलिपबाबू म्हणाले. "पायांच्या वेगळ्या पट्ट्या आहेत खाली. दोन हात आणि दोन पाय, चारही वाजवतात."

भैयाजींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कार्यक्रमाआधीच रजा टाकण्याची ही पहिली वेळ.

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं निघालो. वहिनी कधी कार्यक्रमाला येत नसत, पण माझ्या बायकोला, शालूला, चर्च आतून बघायचं होतं आणि तिने त्यांना ओढून आणलं. चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही सवयीने चपला काढल्या. आमचं बघून मागच्यांनी काढल्या. थोड्या वेळाने पाद्रीसाहेब दाराशी आले तर समोर दीडशे जोड. ते गोंधळून फिलिपबाबूंकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी पायातले बूट झग्याखाली लपवून उभं राहायचा प्रयत्न केला.

आत बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे, असे आम्ही आपोआपच बसलो. बाकं जमिनीला ठोकलेली, ती उलटी होईनात. म्हणून भैयाजी पहिल्या बाकावर उलटे गुडघे टेकून, पाठीच्या फळीवर कोपरं ठेवून लोकांकडे बघत राहिले. समोर मोकळी जागा होती. आम्ही साहेब तिथे येण्याची वाट बघत होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तबलेवाला दिसून नाही राहिला."

आणि एकदम मागून, वरून आवाज सुटला.

ऑर्गन मागच्या माडीवर होता! सगळं चर्च जागच्या जागी दचकलं. खालच्या सुरांना बाकं थरथरायला लागली. शेजारचे गृहस्थ दोन्ही हातांनी बाक धरून म्हणाले, "बाप्पा! हे तं खालून वाजून राहिलं!" खिडक्यांच्या काचा झणझणल्या, वळचणीची कबुतरं उडाली आणि एका म्हातारबुवांनी घाईघाईने कवळी काढून रुमालात ठेवली. मग एकेक जण वळला. कोणी मान पिरगाळली, कोणी सरळ बाकावर उलटं बसलं. साहेब वर पाठमोरे, नुसतं टक्कल दिसत होतं. तरी सगळे वर तोंड करून बघत राहिले. कोणीतरी "क्या बात है!" म्हणालं, ते घुमटातून तीनदा परत आलं. त्यानंतर कोणाची हिंमत झाली नाही.

मी खिशातल्या खिशात संत्रं सोलत होतो, ते अर्धं सोललेलं तसंच होतं. माझा हात केव्हा थांबला, मला कळलं नव्हतं. मी ते भैयाजींना दिसू नये म्हणून आणखी खोल दडपलं.

पण भैयाजी माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची मोठी पंचाईत झाली होती. आयुष्यभर ते लोकांची तोंडं बघत आले आणि आज सगळ्यांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. समोर नुसती टकलं, अंबाडे आणि मफलर. सगळ्या चर्चमध्ये एकच माणूस वळलेला नव्हता. कुसुमवहिनी. त्या समोर तोंड करून बसल्या होत्या, डोळे मिटून. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पदर हातात असून तो डोळ्यांकडे जात नव्हता. हात थांबला होता.

भैयाजींनी ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि भैयाजींचा चेहराही पाहिला. तेवढा उतरलेला चेहरा मी दुसरा बघितलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर फिलिपबाबू आम्हा दोघांना माडीवर घेऊन गेले. साहेब हस्तांदोलन करत होते. भैयाजींनी हात दिला आणि ते सरळ ऑर्गनकडे वळले. पट्ट्यांच्या तीन ओळी, पायांखालच्या लाकडी पट्ट्या सगळं बघितलं. मग वर बोट दाखवून म्हणाले, "अन् हा आरसा काहून? भांग पाडाले? ते तं टकले आहेत."

फिलिपबाबू हसले. "वाजवणाऱ्याची पाठ असते ना सगळ्यांकडे! पाद्रीसाहेब केव्हा उभे राहिले, प्रार्थना केव्हा सुरू झाली, ते आरशात दिसतं."

भैयाजी त्या आरशाकडे बराच वेळ बघत राहिले. परत येताना बायका रिक्षात होत्या आणि आम्ही सायकलींवर; भैयाजी एवढंच बोलले. "वीस वर्षं मी वाजवलं, अन् रडली ती त्याच्यासाठी. पाहून घेतलं मी."

त्या दिवसापासून ऑर्गन बंद. वर वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात झाली. आठ दिवस गल्ली सुनी वाटली. शिंपीसुद्धा विचारून गेला.

आता माझी गोष्ट सांगतो. आमचा व्हरांडा भैयाजींच्या दारासमोर. त्यांचा ऑर्गन रस्त्याकडच्या भिंतीला लावलेला, त्यामुळे वाजवताना त्यांचं तोंड भिंतीकडे आणि पाठ घराकडे. मला ते दिसत नसत. उघड्या दारातून मला दिसे ते थेट स्वयंपाकघराचं दार. आणि त्या दारात रोज संध्याकाळी वहिनी उभ्या असत. कणकेचे हात तसेच, डोकं चौकटीला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि उजवा पाय जमिनीवर दबत-उठत असायचा, भाता मारल्यासारखा. वाजवणं संपायच्या बेतात आलं की त्या झटकन आत जात आणि मग आवाज यायचा, "झालं का? पानं घेते."

हे मी कित्येक वर्षं बघत होतो आणि भैयाजींना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला हेवा वाटत होता. मी मासिकांतून चार गमतीचे लेख लिहितो. शालूला वाचून दाखवायला बसलो की दुसऱ्या पानावर तिला झोप लागते. माझ्यासाठी कोणी कधी दारात उभं राहिलं नाही. या माणसाला रोज घरबसल्या मिळतंय, तर निदान त्याला ते कळू तरी नये, इतका मी कोता झालो होतो.

नवव्या दिवशी शालूच बोलली. "चर्चमध्ये त्या रडत होत्या ना, तेव्हा त्यांच्या पायाखालची ती गुडघे टेकायची फळी सारखी करकरत होती. पाय मारत होत्या हो त्या! रिक्षात मी विचारलं, रडलात काहून? तर म्हणाल्या, 'त्या साहेबाले मशीन हवा देते. आमच्या ह्यायचे गुडघे सुजून राहिले पाय मारू मारू. रात्री मी तेल लावते तं हू का चू करत नाही.'"

मी तसाच चप्पल घालून समोर गेलो. भैयाजी पेपर वाचत होते, उलटा. मी सगळं सांगितलं. फळीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, स्वयंपाकघराच्या दाराचं सांगितलं.

"कणीक मळता मळता हात थांबतो त्यांचा," मी म्हणालो.

भैयाजींनी पेपर खाली ठेवला. "तू पाहिलं?"

"रोज."

"रोज? मंग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही गा?"

"हेवा वाटत होता तुमचा," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हे मला हाकलणार. पण भैयाजी माझ्याकडे बघतच राहिले. "माझा? हेवा? माझा?" त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ मात्र हसत होते. मग मला दारापर्यंत पोचवत म्हणाले, "जा आता. अन् उद्या चहा माझ्याकडून."

त्या संध्याकाळी आधी भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. मग ऑर्गन सुरू झाला. मी व्हरांड्यात होतो. भैयाजी दोनदा चुकले, एकदा तर मध्येच थांबले. मग पुन्हा सुरू झाले आणि खूप वेळ वाजवत राहिले. वहिनी दारात उभ्या होत्या. शेवटी आवाज आला, "झालं का? पानं घेते."

दुसऱ्या दिवशी भैयाजी कचेरीत आले ते हनुवटीला कापसाचे दोन बोळे आणि गालावर पेपरचा तुकडा चिकटवून. सगळ्या सेक्शनसाठी चहा सांगितला.

"हे काय झालं भैयाजी?" मी विचारलं.

"काही नाही गा. दाढीचा आरसा दुसऱ्या कामाले लावला."

"मग दुसरा आणा ना. असे किती दिवस कापून घेणार?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "आणू. दाढीचं काय गा, अंदाजानं होऊन जाते," ते म्हणाले. "वीस वर्षं बाकी सारं अंदाजानंच तं केलं."